सकाळची न्याहारी : एका निवांत घटकेचा इतिहास

रविवारीं सकाळीं आठ-साडेआठच्या सुमारास पुण्या-मुंबईकडील एखाद्या मध्यम स्थितीच्या घरांत डोकावलें, तर एक देखावा बहुधा हटकून दृष्टीस पडतो. वर्तमानपत्राचीं पानें घरांतल्या माणसांनीं आपसांत वांटून घेतलेलीं असतात. मुलें अजून अंथरुणांत लोळत असतात. स्वयंपाकघरांतून मोहरी तडतडल्याचा आवाज येतो, त्यामागोमाग हिंगाचा व कढीलिंबाचा वास दरवळतो. आणि थोड्याच वेळांत ओलें खोबरें व कोथिंबीर पेरलेल्या पोह्यांच्या बशा बाहेर येतात. सोबत चहा असतो. कोणाला कोठें जावयाची घाई नसते. आठवडाभर धांवपळ केलेलें घर त्या तासाभरांत जणूं स्वतःचीच विचारपूस करीत असतें.

हा देखावा इतका परिचित आहे कीं, तो आपल्याकडे प्रथमपासूनच चालत आला असावा, असा सहज समज होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. पोहे प्राचीन आहेत. परंतु ते सावकाश बसून खाण्यास लागणारी मोकळी सकाळ मात्र पुष्कळ अलीकडची आहे. ती धर्माच्या नियमांतून, गिरणीच्या भोंग्यांतून आणि घड्याळाच्या कांट्यांतून थोडी थोडी सोडवून घ्यावी लागली. आणि घरांतील सर्वांच्याच वांट्याला ती सारखी आली, असेंही म्हणतां येत नाहीं.

‘न्याहारी’ हा शब्दच या दृष्टीनें बोधप्रद आहे. फारशींत ‘नाहार’ म्हणजे सकाळपासून कांहीं न खाल्लेला, उपाशी मनुष्य. त्या उपासाचें निवारण करणारें खाणें ती न्याहारी. इंग्रजींतील ‘ब्रेकफास्ट’ या शब्दाचा अर्थही उपास मोडणें असाच आहे. मोल्सवर्थच्या सुप्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशांत ‘न्याहारी’ हा शब्द सकाळच्या खाण्यासाठीं नोंदलेला आहे. याच खाण्याला लागणारा दुसरा शब्द ‘फराळ’. तो संस्कृत ‘फलाहारा’पासून आलेला. पहिल्या शब्दाला शेताचा वास आहे, तर दुसऱ्याला उपासाचा व सणाचा. एकाच खाण्याला दोन निराळ्या वाटांनीं आलेले दोन शब्द आहेत, यावरूनच समाजांतील सर्व लोक सकाळीं एकाच रीतीनें खात नव्हते, हें ध्यानांत येतें.

धर्मशास्त्रकारांची सर्वसाधारण दृष्टि अशी कीं, मनुष्यानें अहोरात्रांत दोनदां जेवावें, एकदां दिवसा व एकदां रात्रीं, आणि मध्यंतरीं कांहीं खाऊं नये. त्यांतही नियमनिष्ठ गृहस्थाला स्नान, संध्या, देवपूजा, वैश्वदेव व अतिथींचा सत्कार हीं सर्व कृत्यें उरकल्यावरच पानावर बसण्याची मुभा होती. साहजिकच त्याचें पहिलें जेवण दुपारच्या आसपास होई. सकाळच्या खाण्याला अशा घरांत स्थान होतें तें सवलत म्हणून. मनुस्मृतींत नवविवाहिता, कुमारिका, रोगी व गर्भिणी यांना अतिथींच्याही आधीं जेवूं घालावें, असें सांगितलें आहे. लहान मुलें व आजारी माणसें यांना सकाळीं खावयास मिळे, तें त्यांच्याकडून उपास सोसवत नाहीं म्हणून. सकाळीं खाणें हें धडधाकट माणसाला शोभत नाहीं, अशी भावना जुन्या सोंवळ्या घरांत दीर्घकाळ टिकली, तिचें मूळ येथें आहे.

वैद्यकाची दृष्टि याहून अधिक मृदु होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील दुसऱ्या अध्यायांत अठ्ठावीस प्रकारच्या यवागू, म्हणजे पेजा, सांगितल्या आहेत. शोधनोपचार झाल्यानंतर रोग्याच्या मंदावलेल्या अग्नीला प्रथम पातळ पेज, मग दाट पेज, मग कढण अशा क्रमानें हळूहळू सांवरावें, हें त्या शास्त्राचें धोरण. महाराष्ट्रांतील घराघरांतून होणारा मऊ भात हा याच परंपरेंतला. तांदूळ नेहमीपेक्षां अधिक पाण्यांत मंद आंचेवर आसट शिजवावयाचा, वर तूप सोडावयाचें, आणि भाजलेली डाळ, तांदूळ, गहूं, सुंठ, हळद, हिंग यांचें दळलेलें मेतकूट त्यावर घालावयाचें. तापांतून उठलेल्या मुलापासून कवळी काढून ठेवलेल्या आजोबांपर्यंत सर्वांना तो चालतो.

याच ग्रंथाच्या विमानस्थानांत भोजनाचे जे नियम दिले आहेत, ते आजच्या वाचकालाही विचार करावयास लावणारे आहेत. अन्न ऊन असावें, स्निग्ध असावें, बेताचें असावें, आधींचें पचल्यावर घ्यावें; मनाला प्रसन्न वाटेल अशा जागीं बसावें; फार घाईनें जेवूं नये, तसें फार रेंगाळूंही नये; चित्त खाण्याकडे असावें. आणि शेवटचा नियम असा कीं, स्वतःकडे नीट पाहून, आपल्याला काय मानवतें व काय मानवत नाहीं हें ओळखून जेवावें. स्वतःची काळजी घेणें हा हल्लीं फार चर्चिला जाणारा विषय आहे; परंतु तिची एक नेमकी व्याख्या या जुन्या नियमांत येऊन गेली आहे. मात्र हा नियम पाळावयाचा, तर खाणाऱ्यापाशीं स्वतःकडे पाहण्याइतका वेळ असला पाहिजे.

तो वेळ कष्टकरी समाजापाशीं कधींच विपुल नव्हता. शेतकऱ्याची न्याहारी ही शास्त्राची परवानगी न विचारतां चालत आलेली गोष्ट आहे. पहाटे औत धरणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत उपाशी राहणें शक्यच नसे. देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी, कांदा, चटणी व ताक. कोंकणांत आणि गोव्यांत भाताची पेज, तोंडीं लावावयास लोणचें किंवा सुकी मासळी, अशी ती न्याहारी असे. शेताच्या बांधावर झाडाच्या सांवलींत बसून घेतलेली ती विश्रांति खरी. पण ती बेतलेली असे दोन कामांच्या मध्यें.

ती भाकरी बांधावर पोंचविणाऱ्या स्त्रीची सकाळ तर त्याहीपूर्वीं सुरू झालेली असे. भाकरीसाठीं पीठ हवें आणि पिठासाठीं जातें ओढावयास हवें. खेडोपाडींच्या बायका पहांटेच्या अंधारांत जात्यावर बसत व दळतांना ओव्या गात. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं १९८० नंतरच्या काळांत सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील गांवोगांव फिरून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. आई, भाऊ, माहेर, विठोबा, सासुरवास या सर्वांविषयीं त्या बायका जात्यापाशीं बोलल्या आहेत. मनांतलें बोलण्याची त्यांची निवांत घटका ती हीच. पण ती मिळत होती हात कामांत गुंतलेले असतांना.

मोकळ्या मनानें, सर्वांनीं मिळून, सावकाश केलेल्या न्याहारीचें चित्र जुन्या परंपरेंत मुळींच नाहीं, असें मात्र नव्हे. भागवताच्या दशम स्कंधांत श्रीकृष्ण एके दिवशीं सकाळीं उठून वनांतच न्याहारी करण्याचें ठरवितो आणि सवंगड्यांसह शिदोऱ्या सोडून बसतो, असा प्रसंग आहे. वारकरी संप्रदायानें तो उरीं धरला. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरास काला होतो. पोहे, लाह्या, दहीं व लोणचें एकत्र कालवून एकमेकांच्या तोंडीं घांस घालण्यांत लहानथोर हा भेद राहूं नये, असा त्याचा भाव आहे. त्याच स्कंधांत पुढें सुदामा द्वारकेस जातांना फडक्यांत बांधून नेतो, तेही चार मुठी पोहेच. भात भिजवून, भाजून व कांडून केलेले पोहे आधींच शिजल्यासारखे असतात. नुसत्या दह्या-दुधांत भिजविले कीं खाण्याजोगे होतात. चूल पेटवावी लागत नाहीं. म्हणूनच ते गरिबाचे, वाटसराचे व गुराख्याचे अन्न झाले.

वर्षांतून एक सकाळ तर धर्मानेंच न्याहारीसाठीं राखून ठेविली होती. नरक चतुर्दशीस सूर्योदयापूर्वीं अभ्यंगस्नान व्हावयाचें, अंगणांत पायाच्या अंगठ्यानें कारीट फोडावयाचें, आणि मग सर्वांनीं एकत्र फराळास बसावयाचें. कोंकणांत त्या दिवशीं नव्या भाताचे पोहे दह्याचे, गुळाचे, नारळाच्या रसाचे अशा नाना परींनीं करतात. एरवीं दुपारपर्यंत निरशन राहणारें घरही त्या दिवशीं उजाडतांच तृप्त होत असे. आजची रविवारची न्याहारी ही एका अर्थानें त्या दिवाळीच्या पहांटेचीच दर आठवड्याला होणारी लहानशी पुनरावृत्ति होय.

हा रविवार कोठून आला, हें पाहण्यासाठीं मुंबईच्या गिरणगांवांत गेलें पाहिजे. कावसजी दावर यांची गिरणी १८५६ सालीं सुरू झाली आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत रत्नागिरी-साताऱ्याकडील हजारों माणसें भोंग्याच्या तालावर उठूं लागलीं. आठवड्याची सुटी त्यांना नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं परळास कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारीं सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, आणि सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, अशा त्यांत मागण्या होत्या. पुढें एप्रिल १८९० मध्यें सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली. तींत दोन कामकरी स्त्रियांनींही भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें साप्ताहिक सुटी मान्य केली. आज पोह्यांची बशी हातीं घेऊन निवांत बसणाऱ्या माणसानें या तारखेची आठवण ठेवावी, इतकें तिचें त्याच्यावर ऋण आहे.

सुटी मिळाली, तरी बाकीच्या सहा सकाळी भोंग्याच्याच राहिल्या. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामावर दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ सालीं ती अकरा तासांवर, १९३४ च्या कायद्यानें दहा तासांवर आणि १९४८ च्या कायद्यानें नऊ तासांवर आली. दरम्यान घड्याळाचाही एक तंटा होऊन गेला. १ जानेवारी १९०६ पासून सरकारी कचेऱ्या व रेल्वे यांनीं भारतीय प्रमाणवेळ स्वीकारली. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षां ३९ मिनिटें पुढें होती. नव्या घड्याळांत सहा वाजले, म्हणजे जुन्या हिशेबानें पहांटेचे ५ वाजून २१ मिनिटें झालेलीं असत. त्याच महिन्यांत गिरणी-कामगारांनीं या बदलाला उघड विरोध केला. लोकांची कुरकुर इतकी होती कीं, मुंबईच्या महापालिकेनें आपल्या घड्याळांत जुना ‘मुंबई टाइम’ राखला, आणि तो १९५५ सालापर्यंत चालला. जुन्या कालमापनांत घटका ही २४ मिनिटांची. म्हणजे हा तंटा दीड घटकेहून किंचित् अधिक अशा सकाळच्या वेळेसाठीं होता. ज्याच्या न्याहारीला तेवढाच वेळ असतो, त्याला हा तंटा क्षुल्लक वाटणार नाहीं.

ज्या १८९० सालीं मुंबईच्या कामकऱ्याला रविवार मिळाला, त्याच सालीं पुण्यास न्याहारीच्या दुसऱ्या घटकानें, म्हणजे चहानें, मोठेंच वादळ उठविलें. ऑक्टोबर महिन्यांत पंच हौद मिशनमधील एका समारंभास न्यायमूर्ति रानडे, टिळक इत्यादि प्रतिष्ठित मंडळी गेली असतां तेथें चहा-बिस्किटें पुढें करण्यांत आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावला. हा बेत जुळविणारे गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत प्रसिद्ध करविलीं आणि बहिष्काराचें ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, प्रायश्चित्तें सांगण्यांत आलीं. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें; त्या दिवसांतील घरच्या मनस्तापाची हकीकत रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नमूद केली आहे. एक पेला चहा कोणाच्या हातचा प्यावयाचा, हा त्या काळीं जातींतून बाहेर पडण्याचा प्रश्न होता.

तोच चहा दोन पिढ्यांत देव्हाऱ्यासमोरच्या खोलींत जाऊन बसला. आसामांतील चहाचे मळे वाढले ते विलायतेच्या पेठेसाठीं. १९०३ च्या कायद्यानें निर्यातीच्या चहावर कर बसवून त्यांतून चहाच्या प्रचाराची सोय करण्यांत आली. पुढें १९३० नंतरच्या मंदींत परदेशीं भाव पडले, तेव्हां या देशांतील गिऱ्हाइकाकडे मळेवाल्यांनीं अधिक लक्ष पुरविलें. स्टेशनांवर, बाजारांत व गिरण्यांच्या आवारांत चहाचा प्रसार झाला. महात्मा गांधींनीं १९४२ सालीं पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतांना आरोग्यावर जें छोटें पुस्तक लिहिलें, त्यांत चहा, कॉफी वा कोको यांपैकीं एकाचीही शरीराला गरज नाहीं, असें प्रतिपादिलें आहे. त्यांचें म्हणणें पुष्कळांना पटलें असेल; परंतु चहा सुटला नाहीं. कारण तो केवळ पेय राहिला नव्हता. तो पीत असतां पांच मिनिटें बसावें लागतें, आणि घरांतील इतर माणसेंही त्या वेळीं जवळ येऊन बसतात.

बशींतील इतर पदार्थांचीही कुळकथा अशीच दूरदूरची आहे. पोह्यांतील हिरवी मिरची, बटाटा व शेंगदाणा हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडांतले. ‘बटाटा’ हें नांवही पोर्तुगीजांकडूनच आलेलें. तसाच गोव्याचा पाव. उपासाला हक्कानें चालणारा साबुदाणाही दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या कंदाचा. मूळ फळीवरचे एकटे पोहे मात्र या मातींतले. तरीही त्या बशींतलें कांहीं परकें आहे, असें आज कोणाच्या मनांतही येत नाहीं.

न्याहारी रोजची व्हावयास आणखी एका वस्तूची मदत झाली, ती म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हची. स्वीडनमध्यें १८९२ सालीं निघालेला प्रायमस स्टोव्ह पुढें शहरी मराठी घरांत आला. चूल पेटविणें म्हणजे फुंकणी, धूर, आणि सोंवळ्या घरांत आधीं स्नान. स्टोव्हला यांतलें कांहींच लागत नसे. पातेलींत फोडणी टाकून, कांदा परतून, रोळींत निथळलेले पोहे घालून एक वाफ आणली कीं पाव तासांत न्याहारी तयार. नऊच्या गाडीनें कचेरीस जाणाऱ्या कारकुनाला ही सोय आशीर्वादच वाटली असल्यास नवल नाहीं. आणि ज्यांना घर नव्हतें, त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराण्यांच्या हॉटेलांनीं संगमरवरी टेबलावर चहा आणि मस्कापाव पुरविला.

या सर्व वाटचालींत सकाळ कोणाला मिळाली, याचा हिशेब करूं लागलें, तर एक व्यक्ति प्रत्येक वेळीं मागें राहिलेली दिसते. कामाचे तास बारांचे नऊ झाले, रविवारची सुटी आली. पण त्यांतील एकही कायदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आंत गेला नाहीं. उलट घरच्या पुरुषाचा सुटीचा दिवस तोच घरच्या बाईचा जास्त कामाचा दिवस ठरला. एकामागून एक गरम बशा बाहेर जातात आणि स्वतः करणारी शेवटीं, कढईच्या तळाशीं लागलेले पोहे व निवलेला चहा घेऊन, ओट्यापाशींच उभी राहते. वधूपरीक्षेच्या बैठकींत मुलीच्या हातीं पोह्यांचीच बशी दिली जात असे, यांतही पुढील आयुष्याची पुरेशी सूचना होती. गिरणगांवांत तर शेंकडों स्त्रियांनीं एकट्या राहणाऱ्या कामकऱ्यांना खाणावळी घालून जगविलें. त्यांच्या श्रमाला मान व पत मिळवून देण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें, तें १९७५ सालीं.

ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. भारत सरकारनें २०१९ सालीं देशभर केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणींत सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ८१ जणी दिवसाकांठीं घरांतील बिनमोबदल्याचीं कामें करतांना आढळल्या. पुरुषांत हें प्रमाण शंभरांत सुमारें २६ होतें. हीं कामें करणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटें आणि पुरुषाचा ९७ मिनिटें भरला. मुंबईच्या कामकऱ्याला ३९ मिनिटें सोडावयास नकोशीं वाटलीं होतीं. येथें अंतर रोजचें दोनशेंहून अधिक मिनिटांचें आहे, आणि त्याबद्दल अद्याप कोणी सभा भरविलेली ऐकिवांत नाहीं.

म्हणून निवांत न्याहारीच्या इतिहासाचें शेवटचें प्रकरण अजून लिहिलें जावयाचें आहे. त्यासाठीं नवा पदार्थ शोधावा लागणार नाहीं, कीं फार खर्चही पडणार नाहीं. कांदा घरांतल्या दुसऱ्या कोणीं चिरावा, चहाचें आधण तिसऱ्यानें ठेवावें, आणि करणारीनें आपली बशी सर्वांबरोबर, गरम असतांनाच, हातीं घ्यावी. आणि एखाद्या सकाळीं घरांत ती एकटीच असली, तर ‘एकटीसाठीं काय करावयाचें’ असें म्हणून कालची पोळी चहांत बुडवून न खातां, मूठभर तांदूळ आसट शिजवावे, त्यावर चमचाभर तूप आणि मेतकूट घालावें, व खिडकीपाशीं बसून सावकाश खावें. स्वतःकडे नीट पाहून जेवावें, हा चरकाचा नियम सांगतांना त्यांतून स्वयंपाक करणाराला वगळलेलें नाहीं.